तक्रारीचा रकाना

"आदी ती ट्यूब बंद करा, बाई."

माझ्या दुकानाची पायरी चढता चढता हवालदारांच्या तोंडून पहिलं वाक्य हेच यायचं. नमस्कार नंतर, पाणी त्याच्याही नंतर. मी उठायला आळस केला तर ते स्वतःच हात लांब करून बटण दाबायचे आणि मग मागे वळून, बाहेर उन्हात उभ्या असलेल्या माणसाला म्हणायचे, "ये रं, आता ये आत." तो माणूस डोळ्यांवर आडवा हात धरून आत यायचा. त्याच्यामागे त्याची बायको, तिच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत कागद.

साताऱ्यात कोर्टाच्या बाजूला कधी आला असाल तर माझं दुकान तुम्ही पाहिलं असेल. नसेल पाहिलं तरी असली दुकानं तुम्हाला माहीत आहेत. एक शटर, एक कॉम्प्युटर, एक झेरॉक्सचं मशीन, आणि बाहेर पाटी, की इथे सर्व प्रकारचे अर्ज व प्रतिज्ञापत्रं टाईप करून मिळतील. अशा दुकानात आत उजेड नसला की गिऱ्हाईक दुकान बंद समजून पुढे जातं. मंगळवारी आणि शुक्रवारी निम्मा सातारा माझं दुकान बंद समजायचा, ते या एका गृहस्थांमुळे.

पहिल्यांदा त्यांनी ट्यूब घालवली तेव्हा मी तोंडावर विचारलं, "अहो, अंधारात टाईप करायला मी काय घुबड आहे?"

ते शांतपणे म्हणाले, "तुमचा हात बसलाय. तुमाला बघाय लागत न्हाई."

ही स्तुती होती की दटावणी, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. पण मी टाईप केलं. आणि खरंच, बघावं लागलं नाही. अर्ज पुरा झाल्यावर ते म्हणाले, "त्या डब्याचा उजेड बी जरा कमी झाला तर बघा." मी कॉम्प्युटरचा पडदा अंधुक केला. तेव्हापासून तो तसाच आहे आणि माझा चष्म्याचा नंबर वाढला आहे, याचं खापर मी त्यांच्यावरच फोडते.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांना आवडलं नसतं, एवढंच कारण. सगळे त्यांना हवालदार म्हणत. कृष्णाकाठचे, वाळव्याकडचे. घरचा ऊस भाऊ बघायचा आणि हे एसटीने साताऱ्याला यायचे. फौजेत ते क्लार्क होते. "बंदूक कमी आन् टाइपरायटर जादा चालवला," असं स्वतःच सांगत. इस्त्रीची पँट, पांढरा शर्ट, खिशाला एक निळं आणि एक लाल पेन, आणि पायात असे चकचकीत बूट की माझ्या दुकानातली फरशी मला लाजिरवाणी वाटायची. कुणाकडून चहापलीकडे काही घेत नसत. लोक शेंगा, काकवी, चुलीवरचा खवा आणायचे, ते सगळं माझ्या टेबलावर ठेवून जायचे. माझं वजन वाढलं तेही त्यांच्याच खात्यावर लिहायला हवं.

त्यांचं काम एकच होतं. निवृत्त जवानांच्या अर्धशिशीची अपिलं.

हे प्रकरण थोडक्यात सांगते, कारण मलाही ते समजायला बरेच दिवस लागले. फौजेतून बाहेर पडताना प्रत्येकाची डॉक्टरांच्या बोर्डापुढे तपासणी होते. तेव्हा एक फॉर्म भरतात. त्यात एक रकाना असतो: नोकरीत काही त्रास सुरू झाला का? झाला असेल तर लिहा. तो त्रास नोकरीमुळे झाला असं बोर्डाने मानलं तर अपंगत्वाची पेन्शन मिळते. पाय गेला, बोटं गेली तर दिसतात. अर्धशिशी कुणाला दाखवणार? आणि त्यातून आमच्याकडच्या माणसांनी त्या रकान्यात हटकून एकच शब्द दिलेला असतो: निल. म्हणजे काही नाही, सब ठीक.

का? तर मिरवणूक ठरलेली असते म्हणून.

आमच्या भागात जवान निवृत्त होऊन आला की उघडी जीप असते, हलगी असते, गुलाल असतो, दारोदार ओवाळणी असते. चौकात फ्लेक्स लागतो आणि त्यावर तारीख छापलेली असते. बोर्डापुढे 'डोकं दुखतं' म्हणालात तर दवाखान्यात निरीक्षणाखाली ठेवतात, दोन आठवडे, कधी महिना. मग गावाने काय करायचं? जीप सांगितलेली, पाहुणे आलेले. मग सोळा-सतरा वर्षं नोकरी केलेला माणूस मान वर करून सांगतो, कोई तकलीफ नहीं, आणि संध्याकाळची मिरजेची गाडी पकडतो.

"निल का लिवलं रं?" हवालदार प्रत्येकाला विचारायचे.

"मिरवणूक व्हती, साब."

हे उत्तर ऐकलं की ते बुटाच्या टोकाकडे बघत बसायचे. मला वाटायचं, त्यांना त्या माणसाच्या अडाणीपणाचा राग येतो.

त्यांची विचारायची तऱ्हा निराळी होती. जवान स्वतः सांगायला लागला की ते हात वर करायचे. "तू गप. तू फौजी हाईस, तू खोटं बोलणार." आणि बायकोकडे वळायचे. "वहिनी, तुमी सांगा. डोकं उठल्यावर हा काय करतो?"

बायका पदर सावरत म्हणायच्या, "काय न्हाई, दुखतं जरा."

"काय न्हाई म्हणायचं न्हाई," हवालदार म्हणायचे. आवाज चढवून नव्हे. शाळेत बाई शुद्धलेखन घालतात तसं, प्रत्येक शब्द सुटा करून.

मग हळूहळू बाहेर यायचं. त्या दिवशी पोरांना शेजारी धाडावं लागतं. खिडकीला घोंगडं लावावं लागतं. फोडणीचा वास सोसत नाही म्हणून सगळ्या घराला बिनफोडणीचं वरण खावं लागतं. एकीने सांगितलं की नवरा भिंतीवर डोकं आपटून घेतो, म्हणून तिने भिंतीला गोधडी खिळ्यांनी ठोकली आहे. इतकी वर्षं हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. सांगताना ती माझ्याकडे बघत होती आणि मी टाईप करत होते. तेव्हा अंधार बरा वाटला.

कॅलेंडरची युक्ती त्यांचीच. भिंतीवर एक कॅलेंडर फक्त डोक्यासाठी ठेवायचं. डोकं दुखलं पण माणूस उठून कामाला लागला, तर त्या तारखेवर हळदीचं बोट. आडवा पडला, तर कुंकवाचं. वर्षभराने ते कॅलेंडर अपिलाला जोडायचं. कुठल्या कायद्यात असं लिहिलं आहे, मी विचारलं. ते म्हणाले, "लिवलेलं कुटं न्हाई. पर साहेबलोक बघत्यात. बारा पानं लाल दिसली की मान वर करत्यात." कराडकडच्या एका घरात तर सासूबाई त्या कॅलेंडरला रोज हात जोडायला लागल्या. ते मुंबईला पोचलं तेव्हा वकिलांचा फोन आला, की कागदपत्रांत चुकून देवघरातलं काहीतरी आलं आहे. हवालदार फोनवर म्हणाले, "चुकून न्हाई, साहेब. त्या पोरीनं वरीसभर केलेली सेवा हाय ती."

सुरुवातीला माझा या सगळ्यावर विश्वास नव्हता. कबूल करायला मला लाज वाटते, पण मी एकदा त्यांना म्हणाले होते, "डोकं काय, माझंही दुखतं. बाम चोळते आणि कामाला लागते."

"तुमचं दुखतंय ते मी खोटं म्हणत न्हाई, बाई," ते म्हणाले. "तुमी ह्यांचं खोटं म्हणू नका."

त्याच दिवशी जतकडची एक म्हातारी आली होती. धनगराचं घर, मुलगा फौजेतून येऊन पुन्हा मेंढरांमागे लागलेला. बायको माहेरी होती म्हणून आई आली. हवालदारांनी विचारलं, "आजी, याचं डोकं दुखतं ते तुमाला कसं कळतं?"

म्हातारी म्हणाली, "मेंढरं एकलीच घरला येत्यात."

"आन् ह्यो?"

"ह्येला हुडकाया जावं लागतं. बाभळीखाली पडल्याला असतोय, चैताच्या उन्हात घोंगडं तोंडावर घिऊन."

"असं किती येळा झालं?"

ती जरा आठवायला लागली, मग म्हणाली, "मेंढरांस्नी आता सवय झालीया, बाबा."

माझी बोटं थांबली. मुलगा खाली मान घालून झेरॉक्सच्या मशीनवरची धूळ बोटाने पुसत होता. हवालदार म्हणाले, "बाई, हेच लिवा. एक शब्द बदलू नका." मी बदलला नाही, आणि बामची गोष्ट पुन्हा काढली नाही.

संपत आणि सुरेखा आले ते एका शुक्रवारी दुपारी. कोयनानगरच्या वरच्या अंगाला, डोंगरात त्यांचं गाव. घाटातल्या एसटीने संपतचा चेहरा मातीसारखा झाला होता. तो खुर्चीवर बसलाच नाही. कोपऱ्यात भिंतीला टेकून खाली बसला आणि टॉवेल डोळ्यांवर ओढून घेतला. तो तोफखान्यात होता. तोफेच्या अंगालाच सारी नोकरी झाली, नंतर बर्फातही राहून आला. डोकं उठायला लागलं ते तिथेच. युनिटच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्याच्या नोंदीही माहितीच्या अधिकारात मिळाल्या होत्या. तरी अर्ज फेटाळला गेला आणि पहिलं अपीलही. उत्तर एका ओळीचं होतं: निवृत्तीच्या वेळी आपण स्वतःच कोणतीही तक्रार नाही असं लिहून दिलं आहे.

हवालदारांनी सुरेखाला विचारलं. तिला 'काय न्हाई' म्हणू नका हे सांगावं लागलं नाही.

"कारखान्यावर वॉचमन व्हते, ती नोकरी गेली," ती म्हणाली. "गावात म्हणत्यात, पिऊन पडतोय. ह्ये थेंबाला शिवत न्हाईत, साहेब. पोरीला बघाय पाहुणं आलं, तर ह्ये आतल्या खोलीत तोंड झाकून पडल्यालं. पाहुण्यांनी बाहेर काय ऐकलं देव जाणं, पुन्यांदा फिरकलं न्हाईत."

मग तिने भूकंपाचं सांगितलं. आमच्याकडे कोयनेचे धक्के कुणाला नवे नाहीत. भांडी वाजली की माणसं जेवता जेवता बाहेर येतात आणि पुन्हा जाऊन जेवतात. पण त्या दिवशी धक्का जोराचा होता. सगळं गाव अंगणात आलं, गुरंसुद्धा सोडली. संपत आत पडून होता. सुरेखाने दारातून हाका मारल्या. त्याने हात हलवला, म्हणजे तू जा. भिंतीची माती त्याच्या अंगावर पडत होती आणि तो उठत नव्हता.

"का रं?" हवालदारांनी आता संपतलाच विचारलं.

टॉवेलखालून आवाज आला, "उभं ऱ्हाण्यापरास घर पडल्यालं बरं वाटलं, साब."

थोड्या वेळाने तो पुन्हा बोलला. "पेन्शन मिळाली तर पायजेच हाय, खोटं कशाला बोलू. पर त्या कागदावर एकदा लिवून येऊ दे, की हे मला फौजेत झालं. मी गावाला दावीन. पोरीला दावीन."

हवालदारांनी मान डोलावली आणि निवृत्तीच्या फॉर्मची मूळ प्रत हातात घेतली. बराच वेळ ती डोळ्यांजवळ धरून बसले. मग एक गोष्ट झाली जी इतक्या वर्षांत कधी झाली नव्हती. ते उठले आणि त्यांनी ट्यूब लावली.

संपतने चटकन तोंड भिंतीकडे केलं. मी म्हटलंसुद्धा, "अहो हवालदार!" त्यांचं लक्ष नव्हतं. उजेडात तो कागद त्यांनी पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. ट्यूब बंद केली. "आज ऱ्हाऊ दे," म्हणाले, "मंगळवारी या." घाट उतरून आलेल्या माणसांना त्यांनी तसंच परत पाठवलं, आणि मी मनात त्यांच्यावर चांगलीच चिडले.

ती दोघं गेल्यावर त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला. रकान्यात टाईप केलेलं होतं निल, आणि खाली पेनाने ओढलेल्या दोन लाल रेघा. कोपऱ्यात क्लार्कची बारीक सही, दोन अक्षरांची.

"रेघा मारायची सवय माझी," ते म्हणाले. "सही बी माझीच."

मी सहीवर बोट ठेवून त्यांच्याकडे पाहिलं.

"शेवटची चार वर्सं मी सेंटरला, जवान घरी सुटत्यात तिथं, ह्योच फॉर्म भरायचो. आपल्या सातारा-सांगलीचा कोण आला की लय बरं वाटायचं. आदी इचारायचो, मिरवणूक कवा हाय रं? एखादा म्हणायचा, डोकं लय दुखतं, साब, लिवू का? मी म्हणायचो, आरं, दवाखान्यात अडकशील. घरचं पाणी पिलास की थांबंल डोकं. आन् निल मारायचो. गाडी गाठून द्यायचो एकेकाला. उपकार करतोय असं वाटायचं, बाई. त्या रेघा खुशीत मारल्याल्या हायत."

तेव्हा मला कळलं की ते इतकी वर्षं फक्त डोकेदुखीचीच अपिलं का लिहीत होते, आणि मिरवणुकीचं नाव निघालं की बुटाकडे का बघत होते. त्यांनीच सांगितलं, रिटायर झाल्यावर त्यांच्याच ओळखीचा कुणीतरी, चांगला हसतमुख गडी, अंधाऱ्या खोलीत कुत्र्यासारखा कण्हत पडलेला त्यांनी पाहिला होता. मग त्यांनी हे काम धरलं. पण स्वतःची सही असलेला कागद हातात आला तो हा पहिलाच.

मंगळवारी संपत आला तेव्हा बरा होता, खुर्चीवर बसला. हवालदार बसले नाहीत. टाचा जुळवून त्याच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं, "तुझ्या फॉर्मवर निल मी लिवलंय."

"ठावं हाय की," संपत म्हणाला.

"कवापासनं?"

"पयल्या दिसापासनं. दारातच वळखलं तुमाला."

"मग बोलला का न्हाईस, गड्या?"

संपत जरा हसला. "काय बोलायचं, साब? तुमी मला गाडी गाठून दिली व्हती. माझी आय लय आजारी व्हती तवा. मिरवणुकीनंतर धा दिसांनी गेली. तिनं मला जीपवर बघितलं. दारात बसून बघितलं."

हवालदार खाली बसले. सुरेखा डोळ्यांना पदर लावून बाहेर बघत होती. मी चहा सांगायला गेले, कारण मलाही बाहेर जायचं होतं.

आता संपतच्या अपिलाला वाट एकच होती: ज्याने निल लिहिलं त्यानेच शपथेवर सांगायचं, की हा माणूस डोकं दुखतं म्हणत होता आणि मी ते लिहिलं नाही. आमचे इथले वकील भले गृहस्थ. ते घाबरले. सरकारी कागदावर खोटं लिहिल्याची कबुली, उद्या कुणी चौकशी लावली तर तुमच्या स्वतःच्या पेन्शनवर येईल, चोवीस वर्षांच्या कोऱ्या रेकॉर्डवर डाग पडेल, असं सगळं त्यांनी समजावलं. मग तोडगा काढला. "आपण 'नजरचुकीने राहून गेलं' असं लिहू."

"नजर चुकली न्हवती," हवालदार म्हणाले. "चांगली उघडी व्हती."

ते प्रतिज्ञापत्र मी टाईप केलं. तीनदा केलं, कारण वकील मऊ शब्द घालायचे आणि हवालदार ते लाल पेनाने खोडायचे. शेवटी जे राहिलं त्यात एक वाक्य असं होतं: 'शिपायाने मला त्रास सांगितला होता, मला तो ऐकू आला होता, आणि मी तो लिहिला नाही.' माझ्या हातून आजवर किती प्रतिज्ञापत्रं गेली असतील, देव जाणे. बहुतेकांत माणसं स्वतःला वाचवत असतात. असं एकच पाहिलं. त्यांनी सही केली, आणि मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी प्रिंटरवर उगाच खेकसले.

मुंबईला फौजेच्या ट्रायब्युनलपुढे, म्हणजे फौजींच्या कोर्टापुढे, तारीख लागली तेव्हा मी गेले नव्हते. सुरेखाने दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. हवालदार बूट चमकवून उभे राहिले. समोरच्या साहेबांनी प्रतिज्ञापत्र वाचलं आणि विचारलं, असं किती जणांच्या बाबतीत केलंत? वकिलांनी त्यांना नजरेने खुणावलं, की एवढ्या एकाच्याच. हवालदार म्हणाले, "मोजलं न्हाई, साहेब. आमच्याकडचे जेवढे आले तेवढ्यांचं."

वकील कपाळाला हात लावून बसले. साहेबांनी सुरेखाने ठेवलेल्या कॅलेंडरची पानं उलटून पाहिली, भूकंपाचा प्रसंग असलेलं तिचं निवेदन वाचलं, आणि हुकूम दिला: 'निल' हे ग्राह्य धरू नये. संपतची नव्याने बोर्डाकडून तपासणी व्हावी. हवालदारांवर चौकशी वगैरे काही लागली नाही. लागेल म्हणून त्यांनी मात्र घरात एक पँट-शर्ट वेगळा इस्त्री करून ठेवला होता, असं नंतर त्यांच्या भावाने सांगितलं.

त्यानंतरच्या मंगळवारी ते पोस्टकार्डांचा गठ्ठा घेऊन आले. आठवेल तसं एकेक नाव काढायचे. विटा, तासगाव, माण, पाटण. पुरता पत्ता माहीत नसला तरी गाव आणि 'माजी सैनिक' एवढं लिहायचे. पोस्टमन पोचवतो, म्हणायचे. मजकूर सगळ्यांवर एकच, त्यांच्या वळणदार अक्षरात: 'तुमच्या फॉर्मवर निल मी लिहिलं. तेव्हा तुम्ही त्रास सांगितला असेल तर तो खरा होता. अजून असेल तर साताऱ्यात या. बायकोला संगं आणा.' खाली माझ्या दुकानाचा पत्ता. मला न विचारता.

"अहो, सगळे आले तर बसवायचं कुठे?" मी कुरकुरले.

"सगळे न्हाई येणार," ते म्हणाले. "निम्म्यांना वाटंल, आपल्याला काय न्हाई."

पोस्टकार्डं लिहिताना ते मधेच डावा हात पोटावर दाबून धरायचे. मी विचारलं की म्हणायचे, एसटीचा धक्का. मी ते मान्य केलं. इतकी वर्षं त्यांच्याजवळ बसून मी काही शिकले नव्हते, त्याचा हा पुरावा.

मिरजेच्या दवाखान्यात त्यांना ठेवल्याचं कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्याच आठवड्यात संपतच्या नव्या बोर्डाचा कागद आला. संपत, सुरेखा आणि मी, तिघं मिळून मिरजेला गेलो. खाटेवर ते अगदी एवढेसे दिसत होते. खाटेखाली बूट होते, पॉलिश केलेले.

संपतने कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा मागितला. पेन्शनचा आकडा कुठे आहे ते पाहिलंही नाही. बोट फिरवत फिरवत त्या रकान्यावर आले आणि मोठ्याने वाचलं: तीव्र अर्धशिशी, नोकरीत असताना सुरू, नोकरीमुळे वाढलेली. पुन्हा वाचलं. मग संपतला म्हणाले, "गावाला दावलंस?"

"आदी तुमाला," संपत म्हणाला.

तेवढ्यात नर्स आली. तिने त्यांची नाडी पाहिली आणि हातातल्या तक्त्यावर पेन टेकवून विचारलं, "काका, आज काही त्रास?"

"काय न्हाई, शिस्टर. सब ठीक."

आम्ही तिघं एकदम बोललो. मी, संपत आणि सुरेखा. कुणी ठरवलं नव्हतं. "काय न्हाई म्हणायचं न्हाई!"

शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. नर्स आमच्याकडे बघत राहिली. हवालदार आधी दचकले, मग हसायला लागले. हसताना दुखलं, म्हणून पोट धरलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते हसण्याचं की दुखण्याचं, मी विचारलं नाही. मग त्यांनी नर्सला जवळ बोलावलं आणि पोटावर हात ठेवून सांगायला सुरुवात केली. कधीपासून, कुठे, किती, रात्री कसं, जेवल्यावर कसं. ती तक्त्यावर लिहीत गेली. तिची जागा संपली, तिने पान उलटलं.

त्यानंतर पंधरा दिवसांत ते गेले. मी कृष्णाकाठी गेले होते. गावाने तिरंगा आणला होता. मला रडू आवरलं नाही आणि मी आवरलंही नाही.

मंगळवार-शुक्रवार मी अजून मोकळा ठेवते. डोकं बरं असेल त्या दिवशी संपत डोंगरातून उतरून येतो आणि त्यांच्या खुर्चीवर बसून कागद लावतो. लाल पेन तो वापरत नाही. त्याच्या मुलीचं लग्न मागच्या वैशाखात झालं, पत्रिका माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

परवा संपत आलेला नव्हता. दुपारी पायरीवर एक माणूस उभा राहिला, आटपाडीकडचा. मागे बायको, तिच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी. त्याच्या हातातलं पोस्टकार्ड घड्या पडून पडून दोन तुकडे व्हायला आलं होतं. बरेच दिवस खिशात घालून फिरला असणार, यावं की न यावं असं करत.

"हवालदारसाब हायत का?" त्याने विचारलं.

मी उठले आणि ट्यूब बंद केली.

"या आत," म्हटलं. "बसा. डोकं कसं आहे?"

"काय न्हाई, बाई. दुखतं जरा."

मी खुर्ची ओढली, कॉम्प्युटरवर हात ठेवले आणि त्याच्या बायकोकडे वळले.

"वहिनी," मी म्हटलं, "तुम्ही सांगा."